तोंड आलं

सुल्माचं तोंड आलं तेव्हा
साल्तोत संत्र्यांचा हंगाम भरात होता.
शेडमधल्या पट्ट्यापाशी ती सोळा वर्षं उभी:
डागी डावीकडे, बारकी उजवीकडे,
उरलेली बोटीने कुठल्याशा थंड देशात.
घरी यायची ती बोटांना सालीचा वास घेऊन.
आता तोच वास तिला उंबऱ्याबाहेरूनही नको.

आधी वाटलं, पावाच्या कडेने कापलं असेल.
मग टाळूला एक. जिभेखाली दोन.
मग ओठाच्या आतून चट्टेच चट्टे,
एकाची कड दुसऱ्यात शिरलेली.
पाण्याचा घोट घ्यायचा
तर आधी टेबल घट्ट धरायचं.
थुंकी गिळायची तर डोळे मिटायचे.

तोंड आलंय, म्हणायचं.
खरं तर गेलं होतं.
मुकादमाशी चार बायकांच्या वाटचं भांडणारी बाई
पाटीवर लिहून मागायची:
बर्फ.

मूत्रपिंड माझं आहे.
म्हणजे होतं. अडीच वर्षं झाली.
तिच्या अंगाने त्याला परकं म्हणू नये
म्हणून सकाळ-संध्याकाळ गोळ्या,
पहारेकऱ्यांना गुंगी देणाऱ्या.
पहारेकरी पेंगले, माझं मूत्रपिंड नांदलं,
आणि घरातलाच एक जुना भाडेकरू
उठून बसला.

डॉक्टर पिंतोसबाईंनी कापसाची काडी
जखमेवरून फिरवली.
सुल्माने माझं मनगट असं आवळलं
की घड्याळाचा ठसा उमटला.
तीन दिवसांनी कागद आला: विषाणू.
नागीण नव्हे, नागिणीची चुलत बहीण.
बाई म्हणाल्या, हा आजचा नाही.
लहानपणी कुणाच्या मुक्यातून येतो, उष्ट्यातून येतो,
कानामागे खोल, कवटीच्या तळाशी, नसांची गाठ असते,
तिच्यात पन्नास वर्षंही दडून राहतो.

कानामागून आला आणि तिखट झाला,
मी म्हणालो.
सुल्मा हसायला गेली, ओठ फुटला.
नंतर बरेच दिवस मी तिला हसवलं नाही.

"तुमच्यातही असेल," बाई मला म्हणाल्या. "निजलेला."

असणारच.
नदीकाठी आम्ही सातजण, भोपळ्याची वाटी एक,
येर्ब्याचा कडू पाला, चांदीची नळी एक.
ओव्हिदियोमामाच्या ओठाला कायम खपली,
त्याच्यानंतर सुल्मा, सुल्मानंतर मी.
कुणी नळी पुसली असती
तर मामाने वाळीत टाकलं असतं.

रात्री मी डॉक्टरांना फोन केला:
गोळ्या थांबवा. तोंड वाचू दे.
मूत्रपिंड बिथरलं तर बिथरलं, माझंच होतं.
सुल्मा दाराशी उभी होती, मला दिसली नाही.
पाटी माझ्यापुढे धरली:
दिलेलं परत मागतोस?

बाईंनी एक गोळी अर्धी केली, एक तशीच ठेवली,
वर विषाणूची वेगळी, दिवसातून पाच वेळा.
मी गजर लावले. पहाटेच्या गजराला
शेजारच्या आर्तिगासचा कुत्रा भुंके,
मग आर्तिगास.

अकराव्या दिवशी तिने कोमट सूप
नळीने ओढलं आणि बशी आपटली: मीठ कमी.
पाटीवर नाही. तोंडाने.

आमच्याकडे एक रीत आहे, परक्याला चकवणारी.
वाटी परत देताना 'ग्रासियास' म्हणालात
तर त्याचा अर्थ, पुरे, आता नको.
महिनाभर सुल्मा लांबूनच
मान हलवून ग्रासियास करत होती.

काल अंगणात दोन वाट्या मांडल्या,
दोन नळ्या. बाईंची अट.
पाणी इतकं कोमट की मामा थडग्यात कुशीवर वळला असेल.
संत्र्यांचा एक ट्रक गेला, वास मागे ठेवून.
तिने नाक मुरडलं नाही.
सावकाश ओढलं. थांबली. पुन्हा ओढलं.
नळी तळाशी खरखरली.

वाटी माझ्याकडे दिली
आणि काहीच बोलली नाही.

मी थर्मासचं झाकण फिरवलं.